फान उस्तादांचं पित्त

यांगदू गावात लग्न ठरलं की आधी फान उस्तादांचा होकार मिळवत आणि मग ज्योतिषाकडे जात. मुहूर्त पुढेमागे सरकतो, उस्ताद सरकत नाहीत, हे चियालिंग नदीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. सामाईक शेती संपून शेतं नुकतीच पुन्हा घराघराला वाटून मिळाली होती, दारोदारची डुकरं बाळसं धरू लागली होती आणि लोकांना खायची-खिलवायची हौस परत आली होती. बारसं असो, साठी असो नाहीतर तेरावं, अंगणात चूल खणायची, तिच्यावर बांबूच्या करंड्यांची माणसाच्या उंचीची उतरंड रचायची आणि नऊ वाडग्यांची पंगत उठवायची. त्या नऊपैकी सात वाडग्यांत डुक्कर, आणि उरलेल्या दोहोंत डुकराची चरबी.

उस्तादांचं पाळण्यातलं नाव खाइमिंग, म्हणजे मोकळ्या मनाचा. आईबापांनी मोठ्या आशेने ठेवलं असणार. प्रत्यक्षात मन मोकळं करायची त्यांची एकच रीत होती, ती म्हणजे ओरडणं. आलं जाड चिरलं की ओरडणार, बारीक चिरलं की ओरडणार, आणि नेमकं चिरलं तर "आज काय सूर्य नदीतून उगवला काय?" म्हणून ओरडणार. हाताखालची माणसं टिकत नसत. टिकली होती ती एकटी बायको, ल्याओ युचेन. किडकिडीत, खालमानेची, दिवसभरात दहा शब्द बोलली तर तो सणाचा दिवस.

सिचुआनातल्या बायका तशा तिखट. बायकोच्या मुठीतल्या नवऱ्याला इथे 'मऊ कानाचा' म्हणतात, आणि यांगदूच्या चहाच्या दुकानात बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कान पिळून पिळून लोण्यासारखे झालेले. फान उस्ताद त्यांच्यात बसून स्वतःच्या कानाची पाळी धरून दाखवत. "बघा, हात लावून बघा! बांबू आहे बांबू!"

युचेन तेव्हा घरी भांडी घासत असे.

नावाड्यांच्या मुकादमाच्या साठीला हा बांबू आडवा झाला. पंगत झकास उठली होती. दमलेल्या उस्तादांनी नेहमीप्रमाणे शेवटी स्वतःसाठी वाडगाभर गरम भात घेतला, त्यावर चरबीचा पांढरा गोळा सोडला, वर सोया सॉसची धार धरली, आणि तिसऱ्या घासाला त्यांचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला. उजव्या बरगडीखाली कुणीतरी सुरी खुपसून ती खांद्यापर्यंत फिरवत होतं. ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "अळंबी कुणी निवडली होती? विषारी निघाली! समोर या!" मग खाली बसले. मग आडवेच झाले. लोकांनी मुकादमाच्या घराचं दार बिजागरीतून काढलं, त्याच्यावर त्यांना घातलं आणि वेन वैद्यांकडे नेलं. दारावर पडल्या पडल्याही "सावकाश! उतरंड उतरवताय की पोतं?" चालूच होतं.

वेन वैद्य म्हणजे अगदी उलट काम. वाळल्या खजुराएवढा माणूस, आणि बोलण्याची गती अशी की एका वाक्यात पाहुण्याचा चहा निवावा. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली. जीभ बघितली. तिच्यावर पिवळी साय धरली होती. बरगडीखाली बोट दाबलं, तेव्हा उस्तादांनी वैद्यांच्या आईचा उद्धार केला.

"पित्ताशय सुजलंय," वैद्य म्हणाले. "आत खडेही असावेत. तालुक्याच्या इस्पितळात फोटो काढायचं यंत्र आलंय, तिथं दाखवून घ्या. मला नाडी कळते, खडा दिसत नाही. यंत्राला खडा दिसतो, नाडी कळत नाही. दोघं मिळून एक पुरा वैद्य होतो."

यंत्राला खडे दिसले. बरेचसे बारके आणि एक जरा मोठा. तिथले डॉक्टर म्हणाले, कापून टाकू. उस्ताद इतक्या घाईने होडीत येऊन बसले की चपला इस्पितळातच राहिल्या. जन्मभर हजारो जनावरं कापलेल्या माणसाला सुरीचं दुसरं टोक कसं असतं ते पहिल्यांदाच जाणवलं होतं. पण चहाच्या दुकानात त्यांनी वेगळंच सांगितलं. इथे धाडसी माणसाला 'मोठ्या पित्ताचा' म्हणतात. तो धागा धरून ते म्हणाले, "अरे, खडे व्हायलासुद्धा आत जागा लागते. तुमच्यासारख्यांच्या पित्तात वाळूचा कण तरी मावेल का?"

वैद्यांनी औषधाने बघू म्हटलं, पण बोट वर करून बजावलं की ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर माझ्याकडे न येता सरळ होडी गाठायची. मग पुड्या बांधल्या. नाणेगवत, म्हणजे नाण्यासारख्या गोल पानांचं ते पाटाच्या कडेला वाढणारं गवत, भाराभर. हळदीच्या जातीचा एक कंद. पोट साफ करणारी रेवाचिनी. आणि कोंबडीच्या जठराच्या आतली पिवळी साल, वाळवून कुटलेली. ही शेवटची वस्तू बघून उस्तादांना भोवळच आली. "ही? ही तर मी आयुष्यभर उकिरड्यावर फेकत आलो!"

"म्हणून उकिरड्याला खडे झाले नाहीत," वैद्य म्हणाले.

मग पथ्य. चरबी बंद, मिरची बंद, दारू बंद, अंड्याचा बलक बंद. "आणि राग बंद. राग आणि पित्त एकाच घरात राहतात. एकाने आदळआपट केली की दुसरा भिंतीला लाथा मारतो. कळलं?"

उस्तादांनी मान हलवली. युचेन कोपऱ्यात पुड्या मोजत उभी होती. ती पहिल्यांदाच पुढे आली आणि म्हणाली, "शेवटचं जरा परत सांगता, वैद्यबुवा? यांना नीट ऐकू आलं नसेल."

वैद्यांनी परत सांगितलं. मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीच्या भांड्यात काढा उकळायला लागला आणि गल्लीतली मांजरं परागंदा झाली. पावसाने कुजलेलं छप्पर आणि जुनी चामड्याची वहाण एकत्र शिजवली तर असा वास यावा. युचेनने वाडगा पुढे ठेवला. उस्तादांनी नाक धरलं, डोळे मिटले आणि वाडगा तोंडाला लावला. तोंड भरलेलं असताना ती शांतपणे म्हणाली, "आपल्या लग्नात तुम्ही माझ्या आईच्या लोणच्याला चार लोकांत नावं ठेवलीत. बरणीत बेडूक मेलाय का, म्हणालात. बेडूक नव्हता मेला."

उस्तादांनी घोट गिळला. डोळे वटारले. छाती भरून घेतली.

"उस्ताद," ती म्हणाली, "पित्त."

छातीतली हवा हळूहळू नाकावाटे बाहेर पडली. बरगडीखाली खरंच एक कळ उठून गेली होती.

संध्याकाळच्या वाडग्याबरोबर दुसरी गोष्ट आली. मग रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. औषधाला अनुपान असतं ना, तसं. पहिल्या बाळंतपणात तुम्ही मला विचारलंत, आज मीठ कुणी वाटायचं? तुमची बहीण राहायला येते ती तीन दिवसांसाठी म्हणून येते आणि पीच पिकेपर्यंत जात नाही. तुम्ही घोरता, ते एक असो, पण घोरता घोरतासुद्धा ओरडता. एकदा तर "आलं! आलं!" म्हणून ओरडलात आणि मी उठून आलं आणून दिलं.

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?" उस्तादांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"तुम्ही रागावला असता."

काढ्याचा चोथा रस्त्यात ओतायची इथे चाल आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांना लागून आजार वाटेने निघून जातो म्हणतात. आजाराचं माहीत नाही, पण बातमी मात्र हमखास जाते. शेजारच्या गाओ आजी काठीने चोथा उकरत आणि गल्लीला वाचून दाखवत. "नाणेगवत वाढवलंय. म्हणजे खडा हट्टी दिसतोय. अगंबाई, आज रेवाचिनी दुप्पट! उस्तादांच्या वाटेत कुणी उभं राहू नका गं!"

त्याच दुपटीच्या दिवशी नदीपलीकडे एका तेराव्याचं जेवण होतं. उस्ताद काढा पिऊन चुलीपाशी उभे राहिले. करंड्या वाफेवर चढल्या, आणि इकडे रेवाचिनीही वाफेवर आली. पहिल्या खेपेला ते रुबाबात गेले. दुसऱ्या खेपेला भरभर. तिसऱ्या खेपेला झारा हातातच राहिला. अंगणात शोक करणाऱ्या मंडळींनी पांढऱ्या पट्ट्या बांधलेली डोकी एकदम वळवली आणि शोक घटकाभर थांबला. वाद्यवाल्यांपैकी एकाने सनईचा एक लहानसा सूर सोडला, तो चुकून की मुद्दाम, यावर पुढे बराच वाद झाला.

उस्ताद परतले तेव्हा नऊचे नऊ वाडगे मांडून झाले होते. युचेनने करंड्या उतरवल्या होत्या, वाफवलेलं गोड पक्वान्नही ताटात उलटं करून ठेवलं होतं. लाल चवळीचं पुरण भरलेल्या चरबीच्या फाका आणि खाली चिकट भात, हे उस्तादांचं नाव काढणारं पक्वान्न. पाहुणे नेहमीसारखेच मिटक्या मारत होते.

"साखर कोणी घातली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, कारण मोठ्याने विचारणं पित्तामुळेही धोक्याचं होतं आणि रेवाचिनीमुळेही.

"मीच. नेहमी मीच घालते. तुम्ही मोजून ठेवता तिच्यातली अर्धी आधी डब्यात परत टाकते. तुमच्या हाताने घातली तर मुंग्याही पाणी मागतील."

"कधीपासून?"

"लोक तुमच्या पक्वान्नाची तारीफ करायला लागले तेव्हापासून."

उस्ताद चुलीच्या कडेला बसले. कुणीतरी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, हो, पण बरगडीखाली नाही.

महिन्या-दीड महिन्यात दुखणं निवलं. जिभेवरची साय गेली, गाल आत गेले, पोटावरची विजार दोरीने आवळायची वेळ आली. एका दुपारी उस्ताद एकटेच वैद्यांकडे गेले. वैद्यांनी नाडी बघितली आणि समाधानाने मिशी चोळली.

"सूज केव्हाच उतरलीय. आता खड्यांचं बघू."

"ते पथ्य... रागाचं..."

"ते ना? ते सूज असेपर्यंत. आता बेताने रागवायला हरकत नाही. मागल्या खेपेलाच तुमच्या मंडळींना सांगितलं होतं की. नाही का बोलल्या?"

उस्ताद पाटाच्या कडेने घरी निघाले. दोन्ही बाजूंना नाणेगवत पसरलं होतं. चालता चालता त्यांनी आधी मनात, मग हळूच तोंडाने, आणि वळणापलीकडे कुणी नाही असं बघून चांगल्या खड्या आवाजात ओरडून पाहिलं. आवाज शाबूत होता. पाटातली बदकं पसार झाली. घरी गेल्यावर काय काय बोलायचं याची त्यांनी जुळवाजुळव केली. सुरुवात साखरेपासून, शेवट बहिणीवर.

युचेन अंगणात उकिडवी बसून पंख्याने चुलीला वारा घालत होती. धुराने डोळे लाल झाले होते. तिने वर न बघता विचारलं, "काय म्हणाले वैद्य?"

उस्तादांनी तोंड उघडलं. गेले कित्येक दिवस संध्याकाळ झाली की आपण वाडग्याची वाट बघतो, हे त्यांच्या नेमकं तेव्हाच ध्यानात आलं. काढ्याची नव्हे. आज ही काय बोलेल याची. एवढ्या वर्षांत घरात दुसरा आवाज असा नव्हताच; मुलंही दबकीच वाढून आपापल्या घरी गेली होती.

"म्हणाले," ते म्हणाले, "अजून जपायला हवं."

युचेनचा पंखा क्षणभर थांबला. तिला खरं काय ते माहीत होतं. यांना ते कळलंय की नाही, एवढंच तिला कळेना. ती पुन्हा वारा घालू लागली.

त्या संध्याकाळी ती वाडगा ठेवून समोर बसली. मग म्हणाली, "उपासमारीच्या साली, घरोघरच्या चुली बंद होत्या तेव्हा, तुम्ही गावाच्या सामाईक भटारखान्यात होतात. इतर आचाऱ्यांच्या घरची माणसं जाडी झाली नाहीत, पण मेली नाहीत. तुम्ही कधी कंबरेला मूठभर तांदूळ बांधून आणला नाहीत. सगळ्यांना पळीभर पेज, तशी माझ्या आईलाही पळीभर. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. ती गेली तेव्हा मी रडले नाही, कारण तुमच्यासमोर रडले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ही बोल लावतेय. आणि तुम्ही ओरडला असता. एवढंच."

काढा गार झाला. उस्तादांनी तो गारच प्यायला, नाक न धरता. मग म्हणाले, "तिचं लोणचं चांगलं होतं. मी उगाच म्हणालो होतो."

"माहितीय," युचेन म्हणाली. "बरणी तुम्हीच संपवली होती." आणि मग ती रडली, चांगली मोठ्याने, गाओ आजींनी भिंतीवरून डोकं काढून बघावं इतकी. उस्तादांनी आजींना फक्त हाताने खूण केली. ओरडले नाहीत.

पुढे वैद्यांनी खड्यांवर 'मोठा हल्ला' ठरवला. हे नाव वैद्यांचं नव्हे, त्या काळी सगळ्या दवाखान्यांत तसंच म्हणत. आधी जालीम काढा, मग कानात आणि पाठीत सुया, आणि पित्ताशय पुरतं पेटून उठलं की वरून तुपट जेवण, म्हणजे ते जोराने आवळतं आणि खडे बाहेर फेकतं. जेवण कोणतं? डुकराच्या चरबीत तळलेली अंडी.

हे ऐकून उस्तादांनी वैद्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले.

गावच्या दवाखान्यात त्यांना खाटेवर घातलं. काढा झाला, सुया झाल्या. पलीकडच्या खोलीत दवाखान्याची स्वयंपाकीण अंडी तळायला लागली. उस्ताद कानात सुया घेऊन पडले होते, आणि त्यांच्या नाकपुड्या फुलू लागल्या.

"चरबी तापली नाहीये," ते म्हणाले.

"पडून राहा," वैद्य म्हणाले.

"अहो तापली नाहीये! ऐका, आवाज ऐका! हे तळणं आहे? ही अंडी पोहताहेत!" आणि मग बऱ्याच दिवसांचा साचलेला तो आवाज सुटला: "जाळ वाढव गं बये! कढईतून धूर दिसू दे!" खिडकीची तावदानं थरारली. पुढच्या क्षणी उस्ताद सुयांसकट उठून चुलीपाशी उभे होते. कानातल्या सुया हलत होत्या, पाठीवरच्या साळिंदराच्या काट्यांसारख्या ताठ होत्या, आणि हातात झारा होता. तीन अंडी त्यांनी अशी तळली की कडा जाळीदार, मध्ये मऊ. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांच्या गालांवरून आसवं ओघळली.

"दुखतंय?" युचेनने विचारलं.

"गप्प बस," ते म्हणाले, पण असे म्हणाले की ती हसली.

दुखायला मग लागलं, आणि चांगलंच लागलं. त्यानंतरचा भाग असा, की खडे पडले की नाही हे चाळणीशिवाय कळत नाही. घरात बारीक चाळणी एकच, सोयाबीनचं दूध गाळायची. तिच्यावरून दोघांचं जे भांडण झालं ते बरोबरीचं पहिलं भांडण. "माझ्या चाळणीला हात लावाल तर बघा!" "मग काय टोपीने गाळू?" शेवटी चाळणी गेली, पण युचेनने ती त्यांच्याच हातात दिली. "कामगिरी तुमची. चाळायचं तुम्ही."

उस्ताद पहाटे नदीकाठी वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसले. घटकाभराने त्यांची आरोळी आली. गाओ आजी सगळ्यांच्या आधी पोचल्या. चाळणीत काळपट तपकिरी असे काही खडे होते, बरेचसे तिरफळाच्या दाण्याएवढे. उस्तादांनी ते पंगतीत वाडगा फिरवावा तसे फिरवून दाखवले. दोघातिघांनी सकाळचा नाश्ता त्या दिवसापुरता सोडला.

मोठा खडा मात्र त्यात नव्हता. तालुक्याच्या यंत्राने पुन्हा बघितलं तेव्हा तो आपल्या जागी बसून होता, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा. उस्ताद म्हणाले, बसू दे, आता एकटाच आहे, गप्प बसेल. तो वर्षभर बसलाही. पुढल्या वर्षी संत्री उतरायच्या दिवसांत एका सकाळी उस्तादांना थंडी वाजून ताप भरला आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला. युचेन त्यांना घेऊन निघाली. वाटेत वेन वैद्य भेटले. उस्ताद आशेने थांबले. वैद्यांनी मनगटाला हातसुद्धा लावला नाही. "होडी! होडी!" एवढंच म्हणाले, आणि ते इतक्या झटपट म्हणाले की युचेनला खरी भीती तेव्हा वाटली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि खड्यासकट पित्ताशय काढून टाकलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं ते म्हणाले. शुद्धीवर आल्यावर उस्तादांनी आधी पोटावरची पट्टी चाचपली.

"युचेन, आता मला पित्तच नाही."

"नाही."

"म्हणजे मी आता भित्रा."

"कापायचं म्हटल्यावर चपला टाकून पळालात, तेव्हा तर पित्त होतं," ती म्हणाली. "पेज घ्या."

उस्तादांना हसू आलं, टाके ताणले, ते कळवळले आणि पुन्हा हसले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने परिचारिकेला हाक मारली.

त्यानंतर कितीतरी वर्षं दोघांनी पंगती उठवल्या. लोक म्हणत, उस्तादांचे कान मऊ झाले. चहाच्या दुकानात कुणी पाळी धरायला हात पुढे केला तर ते धरू देत. राग काही पित्ताबरोबर इस्पितळात राहिला नव्हता. आलं जाड चिरलं की आरोळी उठायचीच. फरक इतकाच, की आता चुलीच्या दुसऱ्या बाजूने युचेन म्हणायची, "ते मी चिरलंय, आणि तसंच राहणार!" मग दोघांची जुंपायची, नवरानवरी पडद्याआडून ऐकायची, वऱ्हाडी पैजा लावायचे. वाफ मात्र कुणासाठी थांबत नाही. तेवढ्यात कुणीतरी ओरडे, "उस्ताद, करंड्या!" आणि ही दोघं भांडण तिथंच टाकून, दोन बाजूंनी फडकी गुंडाळून, उतरंडीला हात घालायची.